हितसंबंध

गोदूताई रेगे निधीचं यंदाचं व्याज
एक लाख अठरा हजार चारशे सहा.
वरचे सहा बँक कापून घेईल, ते धरू नका.
बाकीचे वाटायचे एकतीस मार्चच्या आत,
लष्करातल्या धर्मादाय कामांना,
दरवर्षीसारखे.

जनकगंजातल्या खोलीत पंखा एकच,
म्हणून त्याच्याखाली अध्यक्ष.
बाक्र्यांची सुरुवात ठरलेली:
आपण म्हणजे एक बेट आहोत,
चहूकडे हिंदीचं पाणी.
मी खजिनदार. महालेखाकार कार्यालयात छत्तीस वर्षं
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
त्यामुळे मला भाषणातले फक्त आकडे ऐकू येतात.
बेटावर गेल्या वर्षी घरं एकाहत्तर.
यंदा त्रेसष्ट.

अर्ज चार.
वाचनालय: वाचक नऊ, त्यातले दोन गारव्याला येतात.
शववाहिनी: टायर, विमा, ड्रायव्हर.
हिला कधीच कुणी नाही म्हणत नाही.
संस्कारवर्ग: मुलं पाच, खाऊ वीस जणांचा.
(मी पेन्सिलीने गोल केला.)
आणि वहीच्या फाडलेल्या पानावर, हिंदीत,
मुन्नी कुशवाह, गेंडेवाली सडक.
रोज एकोणीस डबे, एक स्कूटी,
गॅस-पेट्रोलसाठी अकरा हजार मिळाले तर बरं.
खाली एकच ओळ:
खाने वाले सब अकेले हैं.

इंदापवार म्हणाले, नोंदणी नाही.
टोकेकरबाई म्हणाल्या, आपल्यातली नाही.
अध्यक्षांनी एकोणीसशे एकतीसचा दस्त काढला,
चष्मा पुसून वाचला:
"अत्रस्थ महाराष्ट्रीय समाजाच्या हितार्थ."
हितार्थवर चहाचा डाग होता,
आमच्या कुणाहीपेक्षा जुना.

कलम अकरा मला पाठ आहे.
हितसंबंध असेल त्याने तो सांगावा
आणि उठून बाहेर जावं.
किती जणांना उठवलंय मी असं.
उठले.
म्हटलं, चौथ्या अर्जात माझा हितसंबंध आहे.
किती, हे कुणी विचारलं नव्हतं,
सवयीनं सांगून गेले:
तीन पोळ्या, एक भाजी, गुरुवारी खिचडी.
मनगटात प्लेट बसवली त्या नोव्हेंबरापासून.
महिन्याला सहाशे देते. तिला पडतात अकराशे.
मधले पाचशे कुठून येतात
ते मी
कधी तपासलं नाही.

बाहेर पायरीवर बसले.
चपलांचे जोड पाच, माझा धरून.
समोर गजकवाल्याचं दुकान, आत कुणीच नाही,
तीळ भाजल्याचा वास मात्र रस्ताभर.
आतला आवाज चढला, उतरला,
मग बराच वेळ नुसता पंखा.

दार करकरलं. इंदापवार.
माझ्याकडे न बघता दोन पायऱ्या खाली बसले,
धोतराचा सोगा गुडघ्यावर घेतला.
मुलगा टोरांटोला आहे त्यांचा,
सून फोनवर फार गोड बोलते म्हणतात.
गजकवाल्यानं पत्र्याचा डबा उघडून मिटला.
मग म्हणाले,
"हिंग जरा जास्तच घालते नाही ती खिचडीत?"

"जास्तच," मी म्हटलं.

पाचांच्या समितीला कोरम चौघांचा.
आत तिघं उरली.
बाक्रे दारात आले, हातात दस्त तसाच उघडा,
"आता कसं करायचं हो?" म्हणाले,
त्यांना उत्तर देण्याचा अधिकार
आम्हां दोघांना त्या क्षणी नव्हता.

घरी आले तर कडीला डबा.
अजून कोमट.
जेवण्याआधी पाकिटामागे हिशेब केला:
पाचशे गुणिले एकोणीस, गुणिले बारा.
एक लाख चौदा हजार.
पुन्हा केला. तेवढेच.
बाईनं मागितले होते अकरा.

उरतात चार हजार चारशे.
तेवढ्यात गाडीचा
एक टायर येईल, फार तर दीड.