झाकली मूठ

कलिनाची डावी मूठ जन्मापासून मिटलेली.
डॉक्टरांच्या कागदात तिला लांबलचक नाव आहे,
आम्ही नुसतं मूठ म्हणतो.
नखं कापायची तर आधी कोमट पाणी,
मग एकेक बोट, मटाराची शेंग सोलावी तसं,
आणि तळव्यात सापडतो दिवसभराचा ऐवज:
लोकरीचा धागा, पावाचा चुरा, आंबूस घाम.

बियाविस्तोकमध्ये ओसोव्स्कींच्या बेकरीत
सतरा वर्षं मी भट्टीवर होतो.
आता घरी असतो.
घरी असतो म्हणून सरकार महिन्याला पैसे देतं.
अट एकच, ठळक अक्षरांत:
सांभाळणाऱ्याने दुसरं काही कमवायचं नाही.
एक झ्लोटीसुद्धा.

उपासाचे दिवस लागण्याआधीच्या गुरुवारी
अख्खं शहर गुलाबाच्या मुरंब्याचे गोळे खातं.
ओसोव्स्कींचा फोन आला,
तीन रात्री ये रे, माणसं कमी पडतायत.
नाही म्हणालो.
फोन ठेवला तरी कान तापलेलाच,
भट्टीसमोर तापायचा तसा.

चौथ्या दिवशी दारात मैद्याचं पोतं.
इव्होना बसची शेवटची फेरी संपवून आलेली,
पोत्याकडे बघत म्हणाली,
हे उत्पन्नात धरतात का?
आम्ही खूप हसलो.
मग तिने उठून पडदा ओढला.

सतरा वर्षांची सवय, रात्री दोनला हात झोपत नाहीत.
कलिनाही जागीच असते.
म्हणून मळायला लागलो. कुणासाठीच नाही.
तिची मूठ पिठात ठेवली.
पीठ कुणाची घाई करत नाही.
ऑक्टोबरात अंगठा सुटला.
बर्फ पडेपर्यंत आणखी दोन बोटं.
इव्होनाने पिठासकट त्यांचे मुके घेतले
आणि दिवसभर तिच्या गणवेशावर
तीन पांढरे ठिपके होते.

दर तीन वर्षांनी मंडळ बोलावतं,
मूल अजून तसंच आहे ना, ते बघायला.
दुसरा मजला, लिफ्ट बंद.
अकरा वर्षांची पोर, छत्तीस किलो, मी उचलून नेली.
डॉक्टरबाई थकलेल्या, त्यांच्याच मनगटाला पट्टी.
काही बद...
नाही, मी म्हणालो.
शब्द पुरा व्हायच्या आधीच म्हणालो.

त्यांनी टेबलाच्या कडेला पेन ठेवलं.
कलिनाने माझ्याकडे बघितलं,
रात्री दोनला बघते तसं.
आणि मूठ उघडली.
सावकाश. अंगठा, मग दोन बोटं.
पेन उचललं, अंगठ्याने दाबलं,
पीठ दाबतात तसं, मी शिकवलं तसं.

त्या क्षणी मनात काय आलं
ते मी चर्चमधल्या जाळीपलीकडच्या कानालाही सांगितलेलं नाही:
टाक, पोरी.
टाक ते खाली.

तिने टाकलं नाही.
बाई म्हणाल्या, अरे वा,
आणि खरंच आनंदाने म्हणाल्या.
मग लिहू लागल्या. बराच वेळ.
मी उलटी अक्षरं लावत बसलो,
एकही लागलं नाही.
निकाल तीस दिवसांत पोस्टाने.

घरी येताना तिला पायऱ्यांवरून उतरवताना
तिने माझी कॉलर धरली होती.
डाव्या हाताने.

रात्री दोन. मैदा, पाणी, मीठ.
तिने हात आपणहून पुढे केला.
मी परात क्षणभर माझ्याकडे ओढली.
ती वाट बघत राहिली,
बोटं पसरून.
मग सरकवली.