फाटकाचा दगड

मला वाटलं होतं, माणसाएवढे असतील.
निदान कमरेएवढे.
तीन तास चिखल तुडवल्यावर
टेग्वेननं काठीनं गवत बाजूला सारलं
आणि म्हणाली, हा पहिला.

वीतभर.
हिरडीतून अक्कलदाढ यावी तसा,
तिरका, नाखूश.

नकाशावर मात्र जुन्या वळणाच्या अक्षरांत
ऐटीत छापलंय : दगडांची रांग.
मी ते बोटानं झाकलं.

टेग्वेन मेंढ्या मोजते तशी मोजू लागली :
ईन, दाय, त्री...
त्रीला मी दचकले.
परमुलखातल्या बाजारात
घरचं कुणी पाठमोरं दिसावं,
हाक मारेपर्यंत गर्दीत शिरावं,
तसा तो आकडा पुढे निघून गेला.
पेद्वार, पिम्प.

आठ भरले.
नकाशा म्हणतो, नऊ.

पलीकडच्या खोऱ्यात एक गाडी खोकली, बंद पडली.
'मायरिगचा मुलगा,' ती म्हणाली,
'पेट्रोल कधी बघत नाही.'
मग बराच वेळ नुसता वारा,
आणि तिच्या कुत्रीचं धापणं.

सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये एक खळगा.
तांबूस पाणी, त्यावर लोकरीचा पुंजका.
'नववा सकाळी लागला की तुझ्या हाताला,
फाटक उघडताना.'

आजोबांनी नेला. मोठ्या बर्फाच्या वर्षी,
घोडी जुंपून, साखळीनं.
खांब हवा होता, आणि हा सरळ होता.
आजी आठवडाभर बोलली नाही त्यांच्याशी.
मग गाय अडली रात्री, तेव्हा बोलली.
पुढे विद्यापीठातली माणसं आली,
खांबाला टेकून त्यांनी बूट काढले,
आणि विचारलं, नवव्याचं काही कळलं का?
आईनं त्यांना केकचा आणखी एकेक तुकडा वाढला.

पण तो खांब तर माझ्या छातीला लागतो,
मी म्हटलं.

टेग्वेननं उत्तर दिलं नाही.
काठी खळग्यात घातली.
ती जात राहिली, जात राहिली,
मुठीपाशी थांबली.

म्हणजे हे सगळेच तेवढे आहेत.
खाली, या काळ्या ओल्या मातीत,
वर्षाला केसभर चढत आलेल्या,
गळ्यापर्यंत उभे.
मघाशी एकावर मी बसले होते,
डबा उघडून, पाय पसरून.

उतरताना पाऊस लागला, बारीक, आडवा.
फाटकाशी मी थांबले.
बिजागरीसाठी पाडलेलं भोक, त्यात गंज,
वर निळ्या सुतळीच्या तीन गाठी.
मेंढ्यांनी अंग घासून घासून
एक बाजू तुपकट, गुळगुळीत केलेली.
आठांची उंची ठाऊक असलेला हा एकटाच,
आणि हा कामावर.

'परत नेऊन ठेवायचा ना?'
'घोडी कुठाय?' ती म्हणाली.
वसंतात जमीन कंपनीकडे जाणार आहे,
झाडं लावणाऱ्या. सह्या झाल्यात.
कागदात विहीर आहे, गोठा आहे,
छपराचे पत्रेसुद्धा मोजलेत.
खांब नाही.

कुत्री आधीच पलीकडे गेली होती.
'नीट लाव,' टेग्वेन म्हणाली, 'कडी वर उचलून.
नाहीतर रात्रीत सगळ्या वर जातात.'

मी कडी उचलली.
दगड जरा हलला,
किंवा मीच.