अटाला

पुण्याहून येणारे म्हणतात अडगळ.
आमच्या इंदुरात अटाला.
अडगळ कोपऱ्यात गप्प बसते,
अटाला दार लोटून बाहेर येतो.

लोकमान्य नगरातलं हे घर एप्रिलअखेर सोडायचं.
नव्या फ्लॅटला माळा नाही.
माळा नाही, हे बिल्डरने कौतुकाने सांगितलं.

कुमुदिनी म्हणाली, फाटकापाशी मांडू या.
एकच रविवार. कासलीवालांच्या सुनेने नाही का केलं,
तीन तासांत गेली सगळी क्रॉकरी.
मी म्हटलं, क्रॉकरी गेली.
आपल्याकडे मिक्सरचं भांडं आहे, ज्याचा मिक्सर नाही.

तरी कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडले.
बत्तीस वर्षं वीज मंडळात लोकांची बिलं काढली,
एक स्वतःचं काढायला काय हरकत.

सगळं विकलं तर दोन हजार तीनशे चाळीस.
सगळं कधीच विकलं जात नाही. निम्मं धरा, अकराशे सत्तर.
घासाघीस होणार, इथे लोक
जीरावनाची पुडी चाखून परत करतात,
तिसरा हिस्सा वजा. सातशे ऐंशी.
टेंट हाउसची तीन टेबलं, साठप्रमाणे एकशे ऐंशी.
पुठ्ठे, स्केचपेन, सुतळी: नव्वद.
उरले पाचशे दहा.
आणि मुन्नालाल अटालावाला
वजनावर सहाशे दहा द्यायला आजही तयार,
शिवाय माळ्यावर तोच चढणार.

म्हणजे दोन रविवार पुसापुशी करून
शंभर रुपये तोटा.
मी कागद तिच्यापुढे सरकवला.
तिने चष्मा लावला.
किमती कुणी लावल्या, म्हणाली.

मग शेजारी दुसरा रकाना ओढला.
कूलर: माझे चारशे, तिचे नऊशे.
ऋजुताच्या बारावीला रात्र रात्र चाललाय तो, म्हणे.
ती वीज आता विकता येत नाही, मी म्हटलं.
हार्मोनियमची पेटी, नुसती पेटी, आत काही नाही:
माझे अडीचशे, तिचं शून्य.
सहातले उरलेले पाच ग्लास: माझे पन्नास.
तिने लिहिलं, द्यायचे नाहीत.
आकड्याच्या रकान्यात शब्द!
मंडळात असा कागद परत पाठवला असता.

साडेअकरा वाजले.
फरकाची बेरीज
एकूण विक्रीच्या वर गेली होती.
किती वर्षांनी भांडलो असे,
मुद्द्याला मुद्दा, नाव न घेता कुणाच्या माहेराचं.
मधेच उठून तिने चहा टाकला, दोघांना,
आणि कपबशा ठेवायला
कागदच खाली घेतला.

रविवारी नुसता जागेचा अंदाज म्हणून
पोर्चमध्ये चादर पसरली.
पाट्या नाहीत, टेबलं नाहीत.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली
आणि आमच्यासमोर आशेने थांबली.
कुमुदिनीने हात हलवून तिला पुढे पाठवलं,
जरा जास्तच जोरात.

मग पोह्यांची पिशवी हातात घेऊन
एक मुलगा, वीस-एकविसाचा,
मागच्या गल्लीत खोली घेऊन राहणाऱ्यांपैकी असावा.
कूलरकडे पाहिलं नाही. पेटीकडे नाही.
भांडं उचललं, खाली ठेवलं.
"अंकल, ये कुर्सी कितने की?"

कुठली, म्हणून मी चादरीवर शोधू लागलो.
चादरीवर खुर्ची नव्हती.
खुर्चीत मी होतो.

यादीत ती नव्हतीच.
तिचा भाव त्याच्या नाही, हिच्याही रकान्यात नाही.
मी कुमुदिनीकडे पाहिलं,
ती ग्लास मोजत होती,
पाच, पुन्हा पाच,
वर न बघता.

माझा पाय अवघडला होता.
तेवढ्यासाठीच
मी उठलो.
त्याने पाकीट काढलं.