गॉन आणि बीन

बुधवारी संध्याकाळी सहाला, ग्रिम्सबीच्या वाचनालयात,
वरच्या मजल्यावर, जिथे हीटर फक्त आवाज करतो,
मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली.
डावीकडे गॉन, उजवीकडे बीन.

म्हटलं, दोघंही जाण्याच्याच घरातले,
पण स्वभाव बघा.
पॉल हॅज गॉन टु पॅरिस : गेलाय.
तिथे आहे, किंवा वाटेत. इथली खुर्ची रिकामी.
पॉल हॅज बीन टु पॅरिस : जाऊन आलाय.
खुर्चीत बसून चहा पितोय, तिकडची महागाई सांगतोय.

तेस्फाय वहीत खुर्च्या काढतो. एक रिकामी, एक भरलेली.
दिवसभर मासे भरलेल्या त्याच्या बोटांखाली
कागद अजून ओलसर होतो.
शिरवानची शंका : मग स्वतःबद्दल
आय हॅव गॉन कधी म्हणायचं?
जवळजवळ कधीच नाही, मी म्हणाले.
गेलेला माणूस सांगायला इथे नसतो.
फार तर दारावर चिठ्ठी लावून जातो.
हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी कुणीतरी हसतं.
या वर्षी कुणी हसलं नाही.

मग बोझेनाने हात वर केला.
वय बासष्ट, कपाळावर कारखान्यातल्या
जाळीच्या टोपीचा वळ.
"माय हजबंड हॅज बीन टु ग्दिनिया."
"छान. म्हणजे परत आले."
"आला. मार्चमध्ये."
"मग वाक्य बरोबर आहे."
"पण माझ्याकडे नाही आला.
क्लीथॉर्प्सला उतरला, नखं रंगवणाऱ्या बाईकडे.
बसने वीस मिनिटं.
आता सांगा."

पुस्तकात, एकशे बाराव्या पानावर,
पॉल आहे, पॅरिस आहे, चाकांची बॅग आहे.
पॉल परतला तो कुणाकडे, ते नाही.

मी मार्करचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.
म्हटलं, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर असतं.
क्लीथॉर्प्सहून बघितलं तर बीन.
तुमच्या स्वयंपाकघरातून बघितलं, तर
"गॉन," ती म्हणाली,
आणि पट्टी लावून खाली दोन रेघा मारल्या.

आमच्याकडे
(हे मी वर्गाला सांगितलं नाही)
उंबऱ्यावर 'जाते' म्हणायची सोय नाही.
चप्पल शोधताना, पाठ फिरवताना, म्हणायचं 'येते'.
'गेले' हा शब्द कुणासाठी राखलेला असतो
ते न शिकवता येतं.
मीही इचलकरंजीच्या स्टँडवर खिडकीतून म्हणाले होते, येते.
एसटीचं इंजिन सुरू होतं.
आईने कानामागे हात धरून विचारलं, काय?
येते गं, म्हटलं. ओरडूनच.

शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं :
रूप वर्तमानकाळाचं, अर्थ संनिहित भविष्याचा.
संनिहित म्हणजे अगदी जवळचं,
हाताशी आलेलं.
अकरा वर्षं झाली.

आठाला डेरेक किल्ल्या घेऊन वर आला,
दिवा बंद करता करता दचकला.
"थॉट यूड ऑल गॉन."
सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला : बरोबर?
बरोबर, मी म्हटलं.
त्याला तसं वाटलं होतं.

फळा पुसला. गॉन पुसलं गेलं;
बीनचा न तेवढा राहिला, निळा, कोपऱ्यात.
खाली बोझेनाची बस समोर उभी होती.
तिने ती जाऊ दिली,
आणि पिशवी खांद्यावर सारून चालत निघाली,
क्लीथॉर्प्सच्या उलट दिशेने.