बसलेला जॉबर

विट्यात, मायणी रोडच्या शेडात माग चोवीस,
जॉबर एकच, दस्तगीर.
मी कांड्या भरते, वहीत वेळा लिहिते.
सात नंबर, धोटा उडाला, दहा चाळीस.
एकोणीस, पिकिंगचा पट्टा, दहा बावन्न.
अकरा. कारण नाही. नुसताच थांबला.

तो सातच्या पोटात हात घालून असतो
तोवर एकोणीस आणि अकरा
तोंडात सूत धरून उभे.
जास्त बंद पडले तरी आता घाबरत नाही मी.
बंद मागाला पुन्हा बंद पडता येत नाही,
रांग आपोआप दमते.
परवा बावीस थांबले,
तर उरलेल्या दोघांच्या खडखडाटातून
पलीकडं कुणी भाकरी थापतंय ते ऐकू आलं.

बारा तासांत दस्तगीर दोन तास बसतो. मोजलंय.
डोळे मिटून, पाय फरशीवर उघडे.
कुणाचा ठेका चुकतोय
ते त्याच्या तळव्याला आधी कळतं.

म्हेत्रेशेठनी ते दोन तास बघितले
आणि मागच्या शेडातले आठ माग
त्याला जोडून दिले.

आता दस्तगीर बसत नाही.
माग बसतात.
वही पंधरा दिवसांत भरली. नवी मागितली,
तर शेठ म्हणाले,
एवढं काय लिहितेस?