वरणखेडे (रद्द)

मतदारसंघ मरतो तेव्हा राजपत्रात छापून येतं,
बारीक टायपात, कोणती हद्द कुठून कुठे.
दारावर कोणी बसायला येत नाही.

निवडणूक शाखेत मी सव्वीस वर्षं कारकून.
वरणखेड्याचं रजिस्टर माझ्या टेबलावर आलं तेव्हा
पुठ्ठा वाळवीनं कुरतडलेला,
बासष्टची शाई कळण्याच्या भाकरीसारखी भुरकट.

बासष्टला धुडकू आबा. समोर कोणी नव्हतंच म्हणा.
सातपुड्याकडच्या पेट्या तिसऱ्या दिवशी पोचल्या बैलगाडीनं,
एकीत मतांबरोबर कुंकू आणि मूठभर ज्वारी.
मोजणाऱ्यांनी ज्वारी बाजूला काढली,
अवैध धरली.

सदुसष्टला आबा, बहात्तरला आबा.
अठ्ठ्याहत्तरला आबांचा जावई, आबांच्याच विरुद्ध.
जिनिंगच्या गोदामात, सरकीच्या वासात,
तीनदा मोजली मतं:
आधी एकवीस, मग नऊ, मग सतरा.
पहाटे साडेतीनला सतरावर सही झाली.
आबांची मुलगी त्या रात्री कोणाच्या घरी जेवली
याला रजिस्टरात रकाना नाही.

पुढचं वाचायला सोपं आहे, सांगायला कंटाळवाणं.
जावई, जावयाचा भाऊ, पुन्हा जावई,
एकदा मास्तर, तोही एकदाच.

पण प्रत्येक पानावर, तळाशी, अनामत जप्तच्या ओळीत
एक नाव काही हललं नाही:
लोटन वना सुतार, अपक्ष, शिडी.

स्वतः घडवलेली बाभळीची शिडी
सायकलला आडवी बांधून हा माणूस
नव्वद गावं फिरायचा.
पोरं मागं लागायची, शिडी कशाला लावशील रे भो?
तो म्हणायचा, तुमीच सांगा.
भाषण एवढंच.

सदुसष्टला मोजणी केंद्रवार होती तेव्हाची.
त्याच्या गावच्या पेटीत शिडीला मत निघालं एक.
गाव चाळीस वर्षं हसलं:
स्वतःचं तेवढं पडलं, बायकोचंबी नाही!
लग्नात, मर्तिकात, भरीताच्या पंगतीत,
वांगी भाजताना कोणीतरी हटकून काढायचं.
भुराबाई वाढत असायची. पुढच्या पानाकडे जायची.

दोन हजार नऊला तो पाच हजार रुपये
उपरण्याच्या गाठीत घेऊन आला.
मी नकाशा उलगडला.
नदीच्या अलीकडची गावं पूर्वेला गेलीत, दादा,
पलीकडची उत्तरेला,
डोंगराकडची राखीवमध्ये. वरणखेडे आता नाही.
त्यानं नाल्याच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं,
म्हणाला, घर इकडं, वखार तिकडं.
गाठ पुन्हा बांधायला त्याला वेळ लागला.

तो गेल्यावर दीड वर्षानं
पेन्शनच्या कागदांसाठी मी भुराबाईकडे गेलो.
चहा देता देता ती एकदम म्हणाली,
ते एक मत मन्हं व्हतं, भाऊ.
ह्या त्या दिनले फिरी ऱ्हायन्थात बाकीना गावस्मां.
पाचना आत उनातच नहीत.

मग सांगितलं का नाही कधी?
कोले सांगू? त्यास्ले?
आपलं मत आपणच दिधं नही हाई त्यास्ले ठाऊकच व्हतं.

म्हणजे त्याला ठाऊक होतं.
चाळीस वर्षं हसू झेलताना
त्याला ठाऊक होतं, त्या एका मताचा हिशेब
कुठं लागतो.

रजिस्टर आता 'ड' वर्गात आहे,
नष्ट करण्यास हरकत नाही, असा शेरा मीच मारलाय.
सदुसष्टच्या पानावर पेन्सिलीनं काही लिहावं वाटलं.
मतदान गुप्त असतं. लिहिलं नाही.

मी उठलो तर दारात दोन पोरं,
गळ्यात नव्या मतदारसंघाच्या नव्या उमेदवाराचे रुमाल.
खांबावर बॅनर लावायचं होतं, शिडी मागत होती.
न्या, म्हणाली भुराबाई,
पन दिवस बुडाना आत लई या.
धाबावर मिरच्या शेतीस मन्ह्या.