‘ह’पाशी अडलेलं

जिल्हा उद्योगकोशाचं काम आता ‘ह’पर्यंत आलंय.
हरभरा झाला, हातमाग झाला,
मग ही पातळ फाईल :
होनराव इंजिनिअरिंग वर्क्स, जुनी एमआयडीसी, लातूर.
कामगार नऊ. लेथ तीन, त्यातलं एक बंद.
नोंद करायची का नाही, एवढंच ठरवायचंय.

नियम मीच लिहिलेत, त्यामुळे कुरकुर करायची सोय नाही :
किमान दोन लेखी साधनं,
दुसऱ्या कुणी लिहिलेली,
पैसे न घेता लिहिलेली.

विश्वंभर होनराव स्वतः आले होते फाईल घेऊन.
सदरा इस्त्रीचा, बोटांच्या रेघांत ग्रीस.
पहिलं कात्रण दसरा पुरवणीतलं, शुभेच्छुकांच्या रांगेत फोटो.
दुसरं व्यापारी मंडळाची स्मरणिका, पान अठ्ठेचाळीस,
मजकूर त्यांचाच, चुकांसकट.
तिसरी एक ट्रॉफी, कुठल्याशा दिल्लीच्या संस्थेची, ‘उद्योगदीप’.
“किती दिले?” मी विचारलं.
“अकरा हजार,” ते म्हणाले. “जेवण धरून.”

म्हणून मी शेडवर गेले.
मैनोद्दीनभाई रोल भरत होते.
डाळमिलचा रोल, आडवा ठेवला तर झोपलेल्या माणसाएवढा,
त्यावर एमरीचा लेप.
तुरीचं साल निघतं ते ह्या लेपावर घासून.
लेप किती ओला, किती जाड, कुठं थांबायचं,
हे कुठं लिहिलंय का?
त्यांनी तळवा पुढे केला.
“हितं. खरखरीत झाला तर डाळ फुटती,
मऊ झाला तर साल ऱ्हातंय.
मधलं काय आसतंय ते हाताला कळतंय म्याडम.”
मी वहीत लिहिलं : साधन, मौखिक.
मग खोडलं. नियम पाच.

कुठल्या कुठल्या मिलांत तुमचे रोल आहेत?
ते बोटांवर मोजायला लागले,
बोटं संपली, मग बसल्या जागेवरून
दिशा दाखवायला लागले.
पोत्यावर मिलचं नाव असतं, पोपटाचं चित्र असतं.
रोलाचं नाव कुणी छापत नाही.
रात्री वरण ढवळताना मी पळीत डाळ पाहत बसले,
पुरावा शोधल्यासारखी.

पण अशी शेडं ह्या एमआयडीसीत पन्नास तरी असतील
आणि प्रत्येकात एक मैनोद्दीन.
एकाला घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू?
माझंही काम चाळणीचंच.
भोक किती मिलिमीटरचं, ते मीच ठरवलेलं.

आणि ‘स’मध्ये आपण दीड पान दिलंय
एका सूतगिरणीला,
जी चालली चार वर्षं आणि बंद आहे सतरा.
तिच्यावर चौकशीचे अहवाल आहेत, निकालपत्रं आहेत,
लिलावाच्या जाहिराती आहेत. साधनंच साधनं.
बुडाली म्हणून तिच्यावर लिहिलं गेलं.
होनराव बुडाले नाहीत. हप्ते वेळेवर, दिवाळीला बोनस,
एक संप, तोही अर्ध्या दिवसाचा, चहावरून.
ह्यावर कोण कशाला लिहील?

गुरुवारी बैठकीत मी वाचून दाखवलं :
नोंद नाही. साधने अपुरी.
कुणी हरकत घेतली नाही.
मला वाटत होतं, कुणीतरी घ्यावी.
‘डाळमिल’मध्ये अर्धी ओळ घालता आली असती,
पण ‘ड’ छापून झालाय, दोन वर्षांपूर्वीच.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला.
“नाई ना झालं?”
नाही झालं.
“बरं. फाईल ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं.
ट्रॉफी तेवढी द्या, उद्या पोराला पाठवतो,
शोकेसमध्ये मोकळं मोकळं दिसायलंय.”

मागं लेथ चालू होती.
दोन का तीन, आवाजावरून मला कळेना.
मैनोद्दीनभाईंना कळलं असतं.